मोटारीची नाडी

आमच्या घरी एकच बैल होता. शहरातल्या माणसाला यात गरिबी दिसत नाही. एक तरी होता ना, असं त्याला वाटतं. पण एका बैलानं काही होत नाही. नांगराला दोन लागतात, गाडीला दोन लागतात. एक बैल म्हणजे एका पायाची चप्पल. पेरणीच्या दिवसांत बा आमचा बैल घेऊन भावकीतल्या एकाच्या दारात उभा राहायचा. त्याच्याकडंही एकच. दोघांचे मिळून दोन व्हायचे. आधी त्याचं रान, मग आमचं. आणि आमची पाळी येईतो रानातली ओल उडून गेलेली असायची.

आमचं गाव पूर्णेच्या काठी, येलदरीच्या अंगाला. धरण तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि वर निजामाचं राज्य होतं. कचेरीचा कागद यायचा तो उर्दूत. घरात कुणाला मराठी अक्षर येत नव्हतं, तिथं उर्दू कुठली? बा तो कागद पटक्यात खोचून जिंतूरपर्यंत चालत जायचा आणि वाचणारा जे सांगेल ते खरं मानून परत यायचा. माय म्हणायची, "घरात एक तरी डोळा पायजे." तो डोळा म्हणजे मी. परभणीला शाळा केली, पुढं हैदराबादला कॉलेजात गेलो. शेवटच्या वर्षाच्या फीसाठी तो एक बैलही गेला. बा दावं गुंडाळून खुंटीला लावत म्हणाला, "एक असून तरी कुठं नांगर चालत होता?"

म्हणजे नापास होणं किंवा परीक्षा चुकणं मला परवडणारं नव्हतं. पुन्हा फी भरायची तर विकायला दुसरा बैल नव्हता.

हे आधीच सांगून टाकलं, कारण आता ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांची आठवण निघाली की मला हसू आवरत नाही, आणि हसताना तो बैल सांगायचा राहून जाईल.

परभणीत मी एका वैद्यबुवांच्या घरी, रस्त्याकडच्या खोलीत राहायचो. भाड्याऐवजी रोज संध्याकाळी त्यांना उर्दू कागद आणि अखबार वाचून दाखवायचा, एवढाच करार. कॉलेजला गेल्यावरही सुट्टीत माझा मुक्काम तिथंच असे. धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल, कानात अत्तराचा फाया असा बुवांचा थाट. मुसलमान रोगी त्यांना हकीमसाब म्हणत, बाकीचे बुवा. आवाज असा, की त्यांनी कानात गुपित सांगितलं तरी शेजारच्या गल्लीतली माणसं "होय का?" म्हणत. आणि स्वतःविषयीचं मत त्या आवाजाहून मोठं.

"या जिल्ह्यात नाडी कळणारे दोघेच," ते म्हणायचे. "एक मी."

"आणि दुसरा, बुवा?"

"तो वारला."

मला ते 'बीए' म्हणत. मी मॅट्रिकही झालो नव्हतो तेव्हापासून. "बीए, कंदील आण." "बीए, त्या म्हातारीला सांग, बुवा जेवायला बसलेत." मला लाज वाटायची. एकदा धीर करून म्हणालो, "बुवा, अजून व्हायचंय मला." ते म्हणाले, "होशील की. नाव आधी चिकटलं म्हणजे माणसाला मागं फिरता येत नाही."

त्यांच्याकडं मोटार होती. एका जहागीरदारांचे गुडघे त्यांनी बरे केले होते, त्याची ती बिदागी. चालत नव्हती म्हणून जहागीरदारांनी दिली, असं गाव म्हणायचं. बुवांचं म्हणणं निराळं. "आजारी होती, म्हणून वैद्याकडं पाठवली."

आणि खरोखरच त्यांनी तिला रोग्यासारखं ठेवलं. सकाळी पूजा आटोपली, की ओल्या धोतरानंच बाहेर येऊन विचारायचे, "काय, झोप लागली का?" मग बॉनेट उघडून आतल्या रबरी नळ्या चिमटीत धरायचे. रेडिएटर म्हणजे पुढची पाण्याची जाळीदार टाकी. तिच्यापासून इंजिनाकडं दोन जाड नळ्या जातात, एक वरून, एक खालून. इंजिनात तापलेलं पाणी वरच्या नळीनं टाकीत येतं, जाळीत गार होतं आणि खालच्या नळीनं परत जातं. बुवांच्या हिशेबी ही मोटारीची नाडी. डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ते ती नाडी बघायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तेव्हा बोलायचं नाही.

त्यांचं निदान ठरलेलं. "हिची प्रकृती वाताची. पाण्यात वारा शिरला, की फिरणं बंद. फिरणं बंद, की डोक्यात ताप."

म्हणून त्यांनी घरापुढं मुरूम टाकून एक चढ बांधून घेतला होता आणि मोटार कायम त्या चढावर, तोंड वर करून, मागच्या चाकांना धोंडे लावून उभी असायची. वारा वर चढतो; तोंड सगळ्यांत उंच असेल तर बिचारा आपल्या पायांनी निघून जाईल, असा त्यांचा सिद्धान्त. तिचे दोन दिवे थेट माझ्या खिडकीसमोर यायचे. अभ्यास करताना मान वर केली, की ती आपली माझ्याकडं बघतेय. सगळ्या गल्लीतली पोरं त्या चढावरून घसरगुंडी करायची आणि बुवा खिडकीतून ओरडायचे, "अरे, तो दवाखाना आहे!"

तिला पाणी द्यायचं तेही उकळून, निववून, फडक्यातून गाळून. स्वतः मात्र आडाचं, पोहऱ्यातून, ओंजळीनं प्यायचे. एका रोग्यानं विचारलंच, "बुवा, मला कवा उकळल्यालं पाणी सांगितलं न्हाई तुमी?"

"तुझ्या पोटात जाळी आहे का?"

"न्हाई."

"मग पी मुकाट्यानं."

त्यांचं चुकायचं नाही असं मुळीच नाही. एकदा त्यांनी तिला त्रिफळ्याचा काढा पाजला होता. वाताला उत्तम म्हणून. त्यानंतर ती जिथून जाईल तिथं असा वास सुटायचा, की बैल गाडीवानाला न विचारता रस्ता सोडून रानात उतरायचे. सगळी टाकी उपसून, पुन्हा पुन्हा धुऊन काढावी लागली. तेव्हापासून बुवांनी ठरवलं, की हिला औषध नको, पथ्य पुरे. पण काढा चुकला हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. "गुण आला होता," म्हणायचे, "लोकांच्या नाकांना सोसवला नाही."

पण सगळ्यांत गंमत होती ती झाकण उघडण्याची.

आपल्याकडं पुरुष माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना उंबऱ्याबाहेर खाकरतो. आत बायाबापड्या असतात, पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. बुवा रेडिएटरचं झाकण उघडण्याआधी तसे खाकरायचे. अगदी मोठ्यानं. मग झाकणावर जाड गोणपाट टाकायचं, तोंड लांब धरायचं, झाकण किंचित फिरवायचं आणि थांबायचं. आतून सुस्स होऊ द्यायचं. ते पुरतं थांबलं, की मगच पुढं. "आत वाफ राहते. तिचं घर आहे. सांगितल्याशिवाय आत शिरलास तर थोबाडीत मारणारच."

मोटार तापलेली असेल तर तेही नाही. मग एकच उपाय. "लंघन!" काही द्यायचं नाही, काही उघडायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सावलीत बसायचं आणि पान खायचं.

जहागीरदारांचा पुतण्या हैदराबादेहून नवी मोटार घेऊन आला होता. तो या खाकरण्याला फार हसला. भर बाजारात त्याची मोटार तापली. भोवती माणसं जमलेली. गड्यानं थेट हातानं झाकण फिरवलं. कारंजं उडालं आणि झाकण वर गेलं ते समोरच्या हलवायाच्या कढईत, जिलब्यांत. दैव चांगलं, तोंड वाचलं. गड्याचा तळहात तेवढा भाजला. बुवांनी त्याला कोरफड लावली, पट्टी बांधली आणि वर एक महाकडू काढा दिला, सकाळ-संध्याकाळ घ्यायला.

"भाजल्यावर काढा कशाला, हकीमसाब?"

"भाजल्यावर कोरफड. काढा घाईवर आहे."

त्यानं तो घेतला, हे विशेष.

माझी बी.ए.ची परीक्षा आली ती दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या सालात. तयारीची सुट्टी मी बुवांच्या खोलीत काढली. ज्या संध्याकाळी मला हैदराबादची गाडी धरायची होती, त्याच सकाळी बुवा पूर्णेकाठी गुळवेल आणायला निघाले. दुसऱ्या दिवशी माझा पहिला पेपर होता.

"चल बीए, आईबापाच्या पाया पडून ये. दुपारी निघू, दिवस मावळायच्या आत स्टेशनात."

"बुवा, उशीर झाला तर?"

"माझ्या मोटारीला उशीर होत नाही. फार तर वेळ लागतो."

यातला फरक मला तेव्हा कळला नाही. मी माझी वळकटी आणि पुस्तकं मागं टाकून बसलो.

गावात मोटार पहिल्यांदाच आली होती. मायनं भाकरीतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, पुढच्या जाळीला हळदीकुंकू लावलं. बुवा खूश. वेशीजवळ सपाट जागा नव्हती, म्हणून नदीकडच्या उताराला मोटार उभी केली. "डोकं खाली, पाय वर," ते कुरकुरले. "पण घटकाभर चालेल."

आमच्या घरात माझी आत्या असायची. बाची थोरली बहीण, अकाली विधवा झालेली, आणि सगळ्या गावाचा पाहुणचार आपल्याच शिरावर आहे असं समजणारी. तिनं मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि बुवांना विचारलं, "बुवा, हिला पाणी लागतं म्हनं?"

बुवांना हेच पाहिजे होतं. "लागतं तर! पण माझी मोटार दुसऱ्यांसारखी अधाशी नाही, बाई. महिना झाला, पोटात तेच पाणी आहे. थेंब बदलला नाही."

आत्यानं तोंडाला पदर लावला. बुवांना वाटलं, कौतुकानं. ते बाला घेऊन गुळवेल बघायला गेले. मी मायच्या हातचं जेवायला बसलो.

निघताना आत्या लुगडं बदलून मागच्या बाजूला बसलेली. "मी बी येते. ह्याला आगीनगाडीत बसवते. मला बगायचीय ती कशी अस्ती." बुवांच्या घरी रात्र काढून सकाळी बाजारच्या बैलगाडीनं परत, असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. बानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. गोठ्याच्या खुंटीकडं त्याची नजर गेली, ती मी बघितली.

जिंतूर मागं टाकलं आणि पुढं एका ओढ्याच्या उताराशी बुवांनी एकदम हुंगलं. पुढच्या झाकणाच्या कडेनं वाफेची बारीक शेंडी निघायला लागली होती. त्यांनी तिथंच इंजिन बंद केलं. मोटार आपल्या वजनानं ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरली आणि थांबली.

मी उडी मारून पुढं धावलो. उपरण्यानं झाकण धरणार, तेवढ्यात मागून माझी कॉलर ओढली गेली.

"हात मागं!"

"बुवा, माझी गाडी—"

"आगगाडीला तुझा हात नकोय, पेपराला हवाय. भाजल्या हातानं लिहिणार काय?"

मी हात मागं घेतला. बुवा सावलीत बसले आणि पानाचा डबा उघडला. "लंघन!"

आत्या उतरली. "पानी मारा की तिच्यावर. गप होईल."

"बाई, तापल्या तव्यावर पाणी मारलं की काय होतं?"

"चर्र हुतं."

"आणि तापल्या मडक्यावर?"

"फुटतं."

"ही दोन्ही आहे."

ऊन कलत होतं. मी ओढ्यात येरझाऱ्या घालत होतो. समोर सगळं दिसत होतं: गाडी सुटलेली, पेपर बुडालेला, साल गेलेलं, आणि मोकळी खुंटी. बुवा मात्र चुना बोटावर घेऊन त्याचा वास बघत होते. त्या वेळी त्यांचा मला इतका राग आला, की उभ्या जन्मात कुणाचा आला नसेल.

मोटार शांत झाल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं आणि नाडी बघितली. वरच्या नळीला बोटाची मागची बाजू लावली आणि चटकन काढली. "वर अजून निखारा." मग वाकून खालची नळी धरली. "खाली आडातला दगड. डोक्यात ताप, पाय गार. वारा अडकलाय, पाणी फिरेनासं झालंय." उठून त्यांनी आमच्याकडं बघितलं. "पण शिरला कुठून? मी तर शिरू दिला नव्हता."

आत्या लांबच्या एका बाभळीकडं फार लक्ष देऊन बघत होती.

वारा काढायचा तर मोटारीचं तोंड वर पाहिजे. म्हणजे पलीकडच्या चढावर निम्म्यापर्यंत तरी तिला न्यायला हवं, आणि चालू करायची तर सोय नाही. तेवढ्यात एक शेतकरी कडब्याची गाडी घेऊन ओढ्यात उतरला. तिघांना आणि एका मोटारीला बघून तो हसला.

"का हो, तान लागली का हिला?"

आत्या पुढं झाली. त्याच्या डावीकडच्या बैलाच्या गळ्यात हात घालून म्हणाली, "आरं, ह्यो तर आमचा बैल!"

"आवो बाई, ह्यो माज्या घरच्या गायीचा हाय."

"मला सांगतोस व्हय? लेकरासारका वाडवलाय." ती बैलाच्या कानात काहीतरी बोलायला लागली. तो आमचा नव्हता, हे मला दिसत होतं. आमच्याचं एक शिंग वाकडं होतं. पण तो शेतकरी भांबावला. "धनीन हायस तर मंग सांग त्याला वडायला," तो म्हणाला आणि हसत हसत जू सोडलं. दोर बांधला, बैलांनी मोटार ओढून निम्म्या चढावर नेली. मी मागच्या चाकांना धोंडे लावले. तो गडी काही पुढं गेला नाही. कडब्यावर बसून राहिला. असा तमाशा रोज कुठं बघायला मिळतो?

"खाकरा," बुवा म्हणाले, आणि मोठ्यानं खाकरले. मग माझ्याकडं बघितलं. मीही खाकरलो. कडब्यावरचा गडी आपण होऊन खाकरला. आत्यानं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.

गोणपाट, किंचित वळसा, सुस्स. थांबले. पुन्हा थोडा वळसा. आतून काही येईना, तेव्हा बुवांनी झाकण काढलं आणि आत डोकावले. बराच वेळ डोकावूनच राहिले. मग दोन बोटं आत घालून काहीतरी हिरवं बाहेर काढलं.

"हे काय?"

"तुळस," आत्या म्हणाली.

"तुळस मला कळते, बाई. वैद्य आहे मी. आत कशी गेली?"

आत्यानं कमरेवर हात ठेवले. "मंग पावन्याला शिळं पानी पाजू व्हय? म्हैन्याचं शिळं! आमच्यात रातचं पानी सकाळी जनावराला बी दाखवत न्हाईत. तुमी मोठ्या तोंडानं सांगायलात, थेंब बदलला न्हाई म्हनून. मलाच लाज वाटली बगा."

"पण पाणी काढलं कसं?"

"जिंतूरला थोरल्या घरी लगनात राबले की मी. त्यांचा न्हानीतला बंब हाय, त्याला खाली नळ, वर झाकन. हिला बी तसंच. सोडला खालचा नळ. तवर मोटार गार झाल्ती, कुटं भाजायचं न्हाई. पिवळं धम्मक पानी! मंग नदीच्या दोन घागरी भडाभडा वतल्या, तुळस टाकली. माजं काय चुकलं?"

आता आभाळ कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. पण बुवांचा आवाज आला तो भलताच हळू.

"पिवळं? किती पिवळं?"

"हळदीवानी."

"हं," बुवा म्हणाले. उकळून, निववून, गाळून भरलेलं पाणी महिन्यात आतून गंजलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी तुळशीचं पान कोटाच्या खिशात ठेवलं. "पाणी बदललं ते बरं केलं. घाई चुकली आणि उतार चुकला. डोकं खाली असताना भडाभडा ओतलं. आतल्या वाऱ्याला बाहेर पडायला दारच राहिलं नाही. तुम्ही घातला तो वारा, आता तुम्हीच काढा."

मोटारीत पाण्याचा तांब्याचा घडा असायचा. दिवसभर उन्हात तापून ते पाणी कोमट झालेलं. बुवांनी लोटा आत्याच्या हातात दिला. "महादेवावर धार धरता ना, तशी. जाडी नाही, तुटू द्यायची नाही."

"घाई झाली तर?"

"सासरच्या एकेकाचं नाव घ्या आणि एकेक घोट सोडा."

त्यांनी मला उपरणं काढायला लावलं, बाह्या वर सारायला लावल्या. "पुढं पंखा आहे. तो कपड्याचं टोक ओढतो आणि मागून माणूस ओढतो. त्या बाजूला उभा राहा, हात लांब." आत्याला पदर कमरेला खोचायला सांगितला. मग स्वतः हँडल मारलं. दोनदा खोकून मोटार सुरू झाली आणि बुवांनी तिला अगदी मंद, पुटपुटत ठेवली.

आत्यानं धार धरली. "सासरा. लय वंगाळ. सासू. त्याच्याहून वंगाळ. थोरला दीर, मेला बरं झालं." एकेका नावाला एकेक घोट. मी बुवांनी दाखवली तशी खालची नळी फडक्यानं दाबायचो आणि सोडायचो, दाबायचो आणि सोडायचो. टाकीच्या तोंडाशी एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग पाणी एकदम खाली गेलं आणि आतून ढ्रुप् करून एवढा मोठा आवाज आला, की कडब्यावरचा गडी उठून उभा राहिला.

"आला ढेकर!" बुवा ओरडले. "धार तोडू नका!"

"धाकटी जाऊ," आत्या म्हणाली, "हिला दोन घोट." पाणी पुन्हा चढलं, पुन्हा बुडबुडे, पुन्हा खाली. मी म्हणालो, "बुवा, झालं की आता, निघू या." बुवांनी ऐकलंच नाही. शेवटचा बुडबुडा येऊन गेला, तरी ते पाण्याकडं टक लावून उभे. पाणी हलेना तेव्हा त्यांनी माझा हात धरून खालच्या नळीवर टेकवला. ती हळूहळू कोमट होत होती, मग ऊन झाली. रागात असूनही मला मौज वाटली, हे खरं. पाय तापले होते. रक्त फिरायला लागलं होतं.

"आता झाकण," बुवा म्हणाले. "आता निघायचं."

आत्याचं सासर अजून निम्मंसुद्धा झालं नव्हतं. तिला ते आवडलं नाही.

परभणीच्या स्टेशनाशी पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता आणि गाडी फलाटाला उभी होती. मी वळकटी घेऊन धावलो. मागून बुवा धोतराचा सोगा धरून, त्यांच्यामागं आत्या. गाडी अजून का सुटली नाही, ते पुढं गेल्यावर कळलं. इंजिन पाणी पीत होतं. लोखंडी खांबाच्या जाडजूड सोंडेतून धबधबा पडत होता.

आत्या जागच्या जागी थबकली. आगीनगाडी बघायला आलेली ती, पण बघितलं काय, तर हे. "बगा बुवा! बगा! भडाभडाच वतायलेत की!"

बुवांनी त्या सोंडेकडं तिरस्कारानं बघितलं. "त्याला वैद्य नाही, म्हणून."

मी डब्यात चढलो. शिट्टी झाली. खिडकीशी येऊन बुवा मोठ्यानं म्हणाले, आणि सगळ्या डब्यानं ऐकलं, "बीए, पेपर हातात आला की लगेच तुटून पडू नकोस. आधी खाकर!"

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या दालनात मी उलटा ठेवलेला पेपर समोर घेतला आणि खरोखरच खाकरलो. देखरेखीवरचे साहेब चमकून बघायला लागले. मी पाणी मागितलं. आलेलं पाणी हळू, घोटाघोटानं प्यालो. मग पेपर उलटला.

पुढं कित्येक महिने बुवा आल्यागेल्याला सांगत, "मोटारीला शिळं पाणी चालत नाही, हे मी शोधून काढलं." आत्याचं नाव त्यात कधी आलं नाही. पण दर महिन्याला ते स्वतः खालचा नळ सोडत, तोंड वर करून बारीक धारेनं नवं पाणी भरत, आणि भरून झालं की आत एक तुळशीचं पान टाकत. का, ते विचारलं तर म्हणत, "वैद्याला सगळं विचारायचं नसतं."

निकाल लागला तेव्हा मी परभणीत होतो. अखबार मीच त्यांना वाचून दाखवला. बुवांनी ऐकलं, डोळे मिटून माझं मनगट धरलं, बराच वेळ नाडी बघितली आणि म्हणाले, "ठीक आहे." मग आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नावानं हाक मारून कंदील आणायला सांगितला. त्यानंतर त्यांनी मला बीए कधी म्हटलं नाही. आता म्हणायची गरज उरली नव्हती.

मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. नोकरी लागली, आणि पुढच्या पेरणीला आमच्या दारात दोन बैल उभे होते. दोन्ही आमचे.